सही नसलेलं पत्र

आजचं वाचन : इब्री लोकांस पत्र, अध्याय २, ६ आणि १०



आज वाचनाला बसण्याआधी एक करून बघा. रोमकरांस पत्रापासून फिलेमोनापर्यंत पानं उलटा आणि प्रत्येक पत्राची फक्त सुरुवात वाचा. पौल, पौल, पौल. मूळ ग्रीकमध्ये तर या तेराही पत्रांचा पहिला शब्दच ‘पौल’ आहे. मग तो कोणाचा प्रेषित, सोबत कोण आहे, कोणाला लिहितोय, आणि मग कृपा व शांती. त्या काळात पत्र असंच सुरू व्हायचं. पाठवणाऱ्याचं नाव सगळ्यात आधी.

आता पुढचं पान. इब्री लोकांस पत्र. नाव नाही, सलाम नाही, कोणाला लिहिलंय तेही नाही. वरचं ‘इब्री लोकांस’ हे शीर्षकसुद्धा मजकुराचा भाग नाही, ते नंतरच्या हातांनी घातलेलं. लेखक थेट देवापासून सुरू करतो : पूर्वी संदेष्ट्यांच्या द्वारे बोललेला देव आता पुत्राच्या द्वारे बोलला आहे. ग्रीकमध्ये या पहिल्याच वाक्यात ‘प’ने सुरू होणारे पाच शब्द एकामागोमाग येतात. कानाला गोड लागावं म्हणून मुद्दाम केलेली रचना आहे ती. म्हणजे लिहिणारा कोणी साधासुधा नाही, त्याला बोलता येतं. पण स्वतःबद्दल तो काही सांगत नाही.

आमच्या तरुण संघात या पत्राचा अभ्यास चालू असताना एकाने सरळ विचारलं, “लेखकच माहीत नाही, तर त्याचं ऐकायचं कशासाठी?” काहींना हा प्रश्न उद्धट वाटला. मला नाही वाटला. आपल्या फोनवर रोज कोणा ना कोणा मोठ्या माणसाच्या नावाने सुविचार येतात, आणि निम्मे तरी त्या माणसाने कधी म्हटलेले नसतात. पुढे पाठवण्याआधी नाव तपासावं, हे आपण शिकलोय. चांगली सवय आहे. ती बायबल उघडताना बाजूला का ठेवायची? “विश्वास ठेव, प्रश्न विचारू नकोस” असं उत्तर देणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की हा प्रश्न मंडळीने स्वतः निदान दोनशे वर्षं विचारला होता.

आणि तिची उत्तरं बघितली तर गंमत वाटते. या पत्राच्या हाताशी असलेल्या सगळ्यात जुन्या प्रतींपैकी एक म्हणजे पपायरस ४६, साधारण इ. स. २०० च्या सुमाराची. तिची ८६ पानं उरली आहेत, काही डब्लिनला, काही अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात. त्यात इब्री लोकांस पत्र चक्क रोमकरांस पत्राच्या लगेच मागे, पौलाच्या पत्रांच्या मधोमध ठेवलंय. म्हणजे पूर्वेकडे, इजिप्तमध्ये, ते पौलाचं मानलं जात होतं. पण तिथल्याच विद्वानांना ते पचत नव्हतं. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट म्हणायचा, पौलाने हिब्रूत लिहिलं असेल आणि लूकाने ग्रीक केलं असेल. त्यानंतरचा ओरिजेन, ज्याला ग्रीक भाषेची नस माहीत होती, म्हणाला की विचार प्रेषिताला शोभणारे आहेत, पण भाषा त्याची नाही. खरं कोणी लिहिलं ते देवालाच ठाऊक. हे लक्षात ठेवा : मंडळीच्या सगळ्यात मोठ्या शास्त्रपंडितांपैकी एक माणूस तिसऱ्या शतकात हात वर करतो, आणि तरीही त्याच पत्रावर प्रवचनं देतो.

पश्चिमेला, कार्थेजमध्ये, तर्तुल्यन बेधडक म्हणतो की हे बर्णबाचं आहे. रोमच्या बाजूची मुराटोरी नावाने ओळखली जाणारी जुनी यादी या पत्राचं नावही घेत नाही. तेराशे वर्षांनी लूथरने अपुल्लोचं नाव सुचवलं. मला विचाराल तर हा अंदाज बराच आवडतो, कारण प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये अपुल्लोचं जे वर्णन आहे (अलेक्झांड्रियाचा यहूदी, वक्ता, शास्त्रात प्रवीण) ते या पत्राला अंगरख्यासारखं बसतं. पण बसणारा अंगरखा म्हणजे पुरावा नव्हे. १९०० मध्ये जर्मन इतिहासकार अडोल्फ हार्नाक यांनी प्रिस्किल्लेचं नाव पुढे केलं. त्यांचं म्हणणं, बाईने लिहिलं म्हणूनच नाव गळून पडलं असावं. त्याविरुद्ध ११:३२ मधलं एक छोटंसं ग्रीक रूप उभं राहतं, जिथे लेखक स्वतःबद्दल बोलताना पुल्लिंगी रूप वापरतो. म्हणून बहुतेक अभ्यासक ते मानत नाहीत. तरी बाईने पवित्र शास्त्रातलं पत्र लिहिणं या कल्पनेनेच कोणाला धक्का बसत असेल, तर मराठी ख्रिस्ती माणसाला बसू नये. संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणायला आयुष्य घालणारी आपली पंडिता रमाबाईच होती. १९२४ मध्ये ते छापून पुरं झालं तेव्हा ती हे जग सोडून गेली होती.

असो. नावांची यादी कितीही लांबवता येईल. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते लेखकाने न कळत, किंवा कळून, स्वतःबद्दल सांगितलेलं एक वाक्य. ते आजच्या वाचनात आहे, २:३ मध्ये. तारणाची गोष्ट प्रथम प्रभूने सांगितली, आणि ज्यांनी ती ऐकली त्यांनी ती आपल्याला खात्रीने कळवली, असा त्याचा आशय आहे. ‘आपल्याला’ हा शब्द बघा. लेखक स्वतःला ऐकणाऱ्यांकडून ऐकलेल्यांच्या रांगेत उभं करतो. गलतीकरांस पत्रात पौल अगदी उलट बोलतो. मला ही सुवार्ता कोणा माणसाकडून मिळालेली नाही, असं तो जवळजवळ शपथेवर सांगतो. पौलाने इब्री लोकांस पत्र लिहिलं नाही असं मानायला मला भाषेपेक्षाही हे एक वाक्य पुरेसं वाटतं.

पण या वाक्यात त्याहून मोठं काहीतरी आहे. हा माणूस दुसऱ्या पिढीतला आहे. त्याने येशूला पाहिलं नाही. दमास्कसच्या वाटेवर त्याच्यासमोर प्रकाश चमकला, असंही तो सांगत नाही. त्याच्यापाशी काय होतं? जुना करार, तोही ग्रीक भाषांतरातला, आणि इतरांनी सांगितलेली साक्ष. एवढंच. तुमच्या-माझ्यापाशी जे आहे तेवढंच! म्हणून तो अधिकाराने हुकूम सोडत नाही, वचनं उघडून दाखवतो. स्तोत्र ११० घेतो, उत्पत्ती १४ मधला मलकीसदेक घेतो, निवासमंडप घेतो, आणि पायरी पायरीने वाद मांडतो : ही बघा ओळ, हा बघा अर्थ, आता तुम्हीच सांगा. ‘मी प्रेषित आहे म्हणून ऐका’ असं तेरा अध्यायांत एकदाही नाही. नाव न लावता अधिकार कसा उभा राहतो, हे बघायचं असेल तर हे पत्र वाचावं.

तो कशासाठी लिहितोय? हे मात्र तो लपवत नाही. शेवटी, १३:२२ मध्ये, तो आपल्या लिखाणाला बोधवचन म्हणतो. प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये पिसिदियातल्या अंत्युखियाच्या सभास्थानात पौल आणि बर्णबाला दोन शब्द बोलायला सांगतात, तिथे ग्रीकमध्ये हाच शब्दप्रयोग आहे. म्हणजे हे मुळात प्रवचन आहे, शेवटी चार ओळी जोडून पाठवलेलं. मोठ्याने वाचायला पाऊण तासाच्या आसपास लागतो. (आणि तो म्हणतो, मी थोडक्यात लिहिलंय! आमच्या पाळकांनाही असंच वाटतं.)

ऐकणारे कोण होते, ते अध्याय १० मध्ये दिसतं. त्यांनी सुरुवातीच्या दिवसांत बरंच सोसलं होतं. चारचौघांत अपमान, छळ, तुरुंगातल्या माणसांची सोबत. मालमत्ता लुटली गेली तेही आनंदाने सोसलं. मात्र अजून रक्त सांडण्यापर्यंत गोष्ट आली नव्हती, असं १२:४ सांगतं. इटलीचे लोक त्यांना सलाम पाठवतात, आणि या पत्राचा पहिला ठळक वापर पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथला पाठवलेल्या पत्रात दिसतो, म्हणून ही मंडळी रोमची असावी असं बरेच अभ्यासक धरतात. लिखाण इ. स. ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर पडण्याआधीचं की नंतरचं, यावर वाद आहे. यज्ञांबद्दल तो वर्तमानकाळात बोलतो, म्हणून आधीचं, असं काही म्हणतात. पण मंदिर पडल्यानंतर लिहिणारा योसेफसही यज्ञांबद्दल वर्तमानकाळातच बोलतो. त्यामुळे एवढ्यावरून निकाल लागत नाही.

तर हे लोक भित्रे नव्हते. ते दमले होते. छळ सोसताना माणूस ताठ उभा राहतो, आणि मग दहा वर्षं काहीच घडत नाही. प्रभू आला नाही. उत्साह होता तो ओसरला. काहींनी सभेला येणं सोडलं, १०:२५ मध्ये स्पष्टच म्हटलंय. लेखकाने २:१ मध्ये वापरलेला शब्द दोर सुटलेल्या होडीसारखा आहे. ती कोणी पळवत नाही, बुडवतही नाही, ती आपली हळूहळू किनाऱ्यापासून लांब जाते. शहरात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी किती जण देवाला रागावून दूर गेलेत? फार थोडे. बाकीच्यांचा एक रविवार चुकला, मग ऑनलाइन भक्ती, मग तीही म्यूटवर.

आता अध्याय ६. इथे गोष्ट अवघड होते, आणि आजचा माझा खरा प्रश्न इथेच आहे.

४ ते ६ या वचनांत लेखक म्हणतो की ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली आणि मग जे पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे. शब्द ‘कठीण’ नाही. ‘अशक्य’ आहे. माझ्या ओळखीची एक मुलगी, कामासाठी दुसऱ्या शहरात गेलेली, चार-पाच वर्षं मंडळीपासून पूर्ण तुटली होती. परत यावंसं वाटलं तेव्हा तिने एका प्रार्थना-गटात तसं लिहिलं. कोणीतरी उत्तरादाखल या तीन वचनांचा स्क्रीनशॉट टाकला. बाकी काही लिहिलं नाही. तिने मला विचारलं, “म्हणजे माझं नाव कट झालंय का?”

‘लेखकच माहीत नाही’ हे म्हणून इथे सुटता आलं असतं. ‘कोणा अनोळखी माणसाचं वाक्य आहे, सोडून दे’ असं मी तिला सांगू शकलो असतो. ते मला पटत नाही. जे आवडतं ते देवाचं आणि जे टोचतं ते अनोळखी माणसाचं, असा हिशेब प्रामाणिक नाही. मग दुसरी वाट उरते : हे वाक्य कोणाला, कधी आणि कशासाठी म्हटलंय ते बघायचं.

रेल्वे स्टेशनवर घोषणा होते : पिवळ्या रेषेच्या पलीकडे जाऊ नका, जिवाला धोका आहे. ती गाडी येण्याआधी होते, जे अजून फलाटावर उभे आहेत त्यांच्यासाठी होते, आणि ती कडकच असावी लागते. अपघातानंतर होतो तो पंचनामा. दोन्हींत शब्द सारखे असू शकतात, पण घोषणा माणसाला वाचवायला असते आणि पंचनामा फाइल बंद करायला. इब्री ६ ही घोषणा आहे. हे मी स्वतःच्या सोयीसाठी म्हणत नाही, पुढची वचनं वाचा. काटेकुसळं उगवणारी जमीन शापाच्या ‘जवळ’ आहे, असं आठव्या वचनात येतं. जवळ. आणि लगेच नवव्या वचनात तो वळून त्यांना ‘प्रियजनहो’ म्हणतो. सबंध पत्रात या नावाने त्याने हाक मारलीय ती फक्त इथे, सगळ्यात कडक बोलल्यानंतरच्या श्वासाला. तुमच्याबद्दल आमची खात्री याहून चांगल्या गोष्टींची आहे, असं तो त्यांना सांगतो. आणि दोनच अध्याय आधी, चौथ्याच्या शेवटी, त्याने हेही सांगून ठेवलंय की आपला प्रमुख याजक आपल्या दुर्बलतेत सहभागी होणारा आहे, तेव्हा धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ या.

म्हणजे वचनाची धार बोथट होते का? नाही. जो रेषेपलीकडे पाय टाकतोय त्याला ते कापलंच पाहिजे. पण परत येऊन दारावर उभ्या असलेल्या मुलीला ते दाखवणं, म्हणजे घोषणेचा पंचनामा करणं. मी तिला एवढंच लिहिलं : तू परत यायचं विचारतेयस, हेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. आणि सहावा अध्याय नवव्या वचनापर्यंत वाच, सहाव्यावर थांबू नकोस.

हा घोटाळा त्या गटातल्या माणसाने पहिल्यांदा केलेला नाही, हे मात्र सांगायला हवं. वर मी तर्तुल्यनचा उल्लेख केला. त्याने हे पत्र बर्णबाचं म्हणून पुढे केलं ते कुठे? ‘शुद्धतेविषयी’ या आपल्या ग्रंथात, जिथे तो म्हणतो की बाप्तिस्म्यानंतर व्यभिचार करणाऱ्याला मंडळीने पुन्हा जवळ करू नये. त्याला इब्री ६ हवं होतं, आणि त्यामागे प्रेषितांच्या सोबत्याचं वजन हवं होतं. पुढे इ. स. २५० मध्ये सम्राट देकियसच्या छळात अनेकांनी भीतीने विश्वास नाकारला आणि नंतर रडत परत आले. त्यांना दार बंद ठेवा म्हणणाऱ्या नोवाशियनच्या पंथालाही याच वचनांचा आधार वाटायचा. पश्चिमेकडच्या मंडळ्यांना हे पत्र जवळ करायला इतका उशीर लागला, त्यामागचं हेही एक कारण. त्यांना लेखकाची शंका होती, आणि या वचनांच्या वापराची भीतीही होती.

मला यात एक गोष्ट सतत खुपते. ‘हे कोणी लिहिलं?’ हा प्रश्न आपण सत्यासाठी विचारतोय की काठीसाठी? तर्तुल्यनला नाव मिळालं, आणि त्या नावाने त्याने मार दिला. ओरिजेनला नाव मिळालं नाही, आणि तो पत्र वाचत बसला.

मग शेवटी पत्र आत कसं आलं? खरं सांगायचं तर बऱ्याच अंशी पौलाच्या नावावर. इ. स. ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाच्या अथनासियसने नव्या कराराची २७ पुस्तकं मोजली, त्यात पौलाची चौदा पत्रं धरली. ३९७ च्या कार्थेजच्या यादीत मात्र पौलाची तेरा आणि त्याचंच इब्री लोकांस एक, असं वेगळं मोजलंय. लिहिणाऱ्याचा हात तिथे जरा अडखळलेला दिसतो. ४१९ मध्ये त्याच गावात सरळ चौदा झाली. सोयीसाठी नाव चिकटवलं, असं कोणी म्हणालं तर मी भांडणार नाही. पौलाचं नसलेलं पौलाचं म्हणणं चांगल्या हेतूनेही बरोबर नाही, आणि आजच्या बहुतेक बायबलांत शीर्षकातून ते नाव काढलंय, याचा मला आनंद आहे. पण त्याच काळात जेरोमने ४१४ मध्ये एका पत्रात जे म्हटलं ते मला जास्त पटतं. त्याचा आशय असा : हे कोणाचं आहे याने फरक पडत नाही, ते मंडळीतल्याच माणसाचं आहे आणि मंडळ्यांमध्ये रोज वाचलं जातं. त्याचा भर ‘रोज वाचलं जातं’ यावर आहे. दमलेल्या माणसांनी ते शंभर, दोनशे, तीनशे वर्षं ऐकलं, आणि होडीचा दोर पुन्हा बांधला. नाव चुकीचं ठरलं म्हणून ती माणसं खोटी ठरत नाहीत.

आणि एक. ‘अनामिक’ हा शब्द आपण वापरतो तो आपल्या बाजूने. ज्यांना हे प्रवचन पाठवलं गेलं त्यांच्यासाठी ते अनामिक नव्हतंच. शेवटच्या अध्यायात तो म्हणतो, आमच्यासाठी प्रार्थना करा, म्हणजे मी तुमच्याकडे लवकर परत येईन. परत! म्हणजे तो त्यांच्यात राहिलेला होता. तीमथ्य सुटलाय, तो लवकर आला तर त्याच्यासोबत तुम्हाला भेटेन, असंही कळवतो. कोणाच्या तरी घरात, दिव्याच्या उजेडात, पाऊण तास हे वाचून झालं असेल. ज्यांनी येणं सोडलं होतं त्यांच्या जागा रिकाम्या असतील. हा कोण, असं तिथे कोणी विचारलं नसेल. कधी येतोय, असं मात्र कोणीतरी नक्की विचारलं असेल.

उद्याचं वाचन : अध्याय ७. मलकीसदेकासाठी उत्पत्ती १४ आधी वाचून ठेवा.